चुकलं की नाचायचं

३ मे, शनिवार

पाणी सांडलं नाही! एक थेंबसुद्धा नाही!

वहिनीच्या लाँड्रीच्या मागच्या मोकळ्या जागेत अर्धी बादली भरून घेतली, हात ताठ केला आणि गरागरा फिरवली. खालून वर, वरून खाली. चिमटी भिंतीला पाठ टेकून उभी. बादली माझ्या डोक्यावर उलटी आली तेव्हा तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं – स्वतःचं! भिजणार मी, डोकं झाकलं तिने. बादली खाली आली, पाणी आतल्या आत. चिमटीचे डोळे एवढे मोठे. म्हणाली, "आतू, पाणी घाबरलं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि मिटलं. सेंट्रीपीटल फोर्स – पुढे काही येईना. तीन वर्षं फिजिक्स केलं, परवा शेवटचा पेपर दिला, आणि साडेपाच वर्षांच्या भाचीला मराठीत एक सरळ वाक्य सांगता येत नाही! नर्सरीपासून सगळं इंग्लिशमध्ये शिकल्याचा परिणाम. म्हणून आजपासून इथे मराठीत लिहायचं. स्वतःला सांगता आलं तर तिला सांगता येईल.

तर दुसऱ्यांदा बादली फिरवली आणि मध्येच "बघ चिमटे, आता कसं –" असं समजवायला थांबले. बादली वर असताना. थांबले!! डोक्यापासून चपलेपर्यंत चिंब. चिमटी खाली बसून हसली, मग आडवी पडून हसली. आतून वहिनी आली, मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "नणंदबाई, धुवायची मशीन आत आहे."

४ मे, रविवार

आज दुकानाला सुट्टी. आठवडाभर उभं राहून वहिनीचे पाय सुजतात, म्हणून ती कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. मला म्हणाली, "तू आता रिकामीच आहेस ना? मग हिला जरा बोलती कर."

चिमटी घरात बोलते. घरात तर डोकं खाते! पण बाहेरच्या माणसाने काही विचारलं की खलास. वहिनीची बाही तोंडात घालते आणि गप्प. बालवाडीतल्या बाईंनी एकदा सगळ्यांसमोर "चूक! बस खाली!" म्हटलं होतं. झालं – तेव्हापासून खात्री नसेल तर ओठ शिवलेले. आणि हिला खात्री कशाचीच नसते. (जन्मापासून कुणाच्या ना कुणाच्या कपड्याला लटकलेली, दोरीवरच्या चिमट्यासारखी. नाव तेव्हाच पडलं.)

दोन शाळांनी नाही म्हटलंय. जवळची आता एकच उरली, गल्लीच्या टोकाची, पिवळ्या फाटकाची. सोळा तारखेला मुलीला घेऊन बोलावलंय. तिथेही पहिलीत घेतलं नाही तर चिमटी आजीकडे जाणार – वहिनीच्या आईकडे. आजीच्या घरासमोरच शाळा आहे. पण ट्रेनने अख्खा दिवस लागतो तिथे जायला!

दादा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. मी जुलैत हॉस्टेलला. आणि खाली दुकानात वाफ, गरम इस्त्र्या, मोठाले ड्रम. "एवढीशी पोर दिवसभर कुणाच्या भरवशावर ठेवू?" वहिनी पाण्यातल्या पायांकडे बघत म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, बोलती करते! शब्द माझा!

"रंग, आकडे, प्राण्यांची नावं. एवढंच. बादल्या नकोत."

हो म्हटलं. फिजिक्समध्येसुद्धा आकडे असतात.

५ मे, सोमवार

भिजवायच्या टबमध्ये काय तरंगतं, काय बुडतं – आजचा खेळ. नियम एकच : आधी अंदाज सांगायचा, मग वस्तू पाण्यात. वस्तूलाच विचारायचं, माणसाला नाही.

साबणाची वडी धरली. "सांग, बुडेल की तरंगेल?" गप्प. लाकडी चिमटा. गप्प. प्लॅस्टिकचा चिमटा. गप्प, आणि आता माझी बाही तिच्या तोंडात! मी सोडून दिलं असतं, पण शब्द दिलाय ना. मग मीच म्हटलं, "माझा अंदाज – हा प्लॅस्टिकचा तरंगेल, एवढा हलका तर आहे." टाकला. डुब्बुक! आतल्या स्प्रिंगने खाली ओढलं त्याला. चुकले!

आणि मला काय सुचलं देव जाणे – मी नाचले. ओल्या फरशीवर, हात वर करून, कंबर वेडीवाकडी हलवत, "चुकली चुकली आतू चुकली, डुब्बुक डुब्बुक डुब्बुक!" इस्त्रीच्या टेबलावरून वहिनी बघतेय, काउंटरवर एक टायवाला गिऱ्हाईक बघतोय. बघू देत.

चिमटीच्या तोंडातून बाही सुटली. "आतू, चुकलं की नाचायचं?"

हो! जो चुकेल त्याच्यासाठी दुसऱ्याने नाचायचं. कायदा!

तिने स्टीलचा मोठा वाडगा उचलला. एकदम हळू, टबकडे बघत, म्हणाली, "बुडेल."

तरंगला!! बोटीसारखा! मी अशी नाचले की तीनदा पाय घसरला. चिमटी टाळ्या पिटत होती, स्वतःच्या चुकीला!

बोलली! अंदाज सांगितला!

६ मे, मंगळवार

दिवसभर अंदाज. दुकानातली एकही वस्तू कोरडी राहिली नाही. वहिनीचा चष्मासुद्धा. (बुडतो.)

८ मे, गुरुवार

आज हट्ट शिकलो.

म्हणजे इनर्शिया. डिक्शनरीत "जडत्व" असं आहे – मला स्वतःला तो शब्द आवडला नाही, पोरीला काय सांगू? पण चादरी न्यायची चाकांची ट्रॉली आहे ना, त्यात चिमटीला चादरींवर बसवलं आणि ढकललं. एकदम ढकललं तेव्हा ती मागे पडली. एकदम थांबवलं तेव्हा पुढे, तोंडावर, चादरींत! पुन्हा. पुन्हा. पुन्हा!

मी विचारलं, ट्रॉली थांबली, तू का नाही थांबलीस?

विचार करून म्हणाली, "मला जायचंच होतं."

आणि सुरुवातीला मागे का पडलीस? "तेव्हा मला बसायचंच होतं." मग एकदम उठून उभी राहिली, "आतू! मी हट्ट करत होते!"

बसलेली वस्तू बसायचा हट्ट करते, पळणारी पळायचा. काय बाई सुंदर! एवढी जाड पुस्तकं वाचली, कुणी असं सांगितलं नव्हतं. मग बादलीतलं पाणीही आलं – ते सरळ पळायचा हट्ट करतं आणि बादलीचा तळ आडवा येतो. "म्हणून ते घाबरलं नव्हतं," चिमटी म्हणाली. "चिडलं होतं."

वहिनी ओरडली, "ट्रॉलीचं चाक मोडलंत तर दोघींना खांद्यावरून चादरी वाहायला लावीन!" पण आवाजात हसू होतं. मी ऐकलं.

९ मे, शुक्रवार

मी चुकले. मी! फिजिक्सवाली!

इस्त्रीचा जुना बोर्ड एका बाजूने उचलून उतरण केली. द्रव साबणाच्या दोन सारख्या बाटल्या, एक भरलेली, एक रिकामी. वरून एकदम सोडायच्या. कोण आधी खाली? चिमटी म्हणाली, "भरलेली." मी एकदम ऐटीत, वजनाचा काही संबंध नसतो बाळा, दोघी एकदम पोचतील, हे खूप जुनं आहे.

भरलेली पोचून भिंतीला आपटली तरी रिकामी अजून वाटेतच!

मी आ वासून बसले. मग पाच मिनिटं बोर्डाशेजारी मांडी घालून विचार केला – रिकामीला अख्खं अंग गोल फिरवायला लागतं, भरलेलीतला साबण मात्र आत जवळजवळ न फिरता नुसता खाली जातो. म्हणजे बरोबरच आहे की! चिमटीला कसली कारणं ऐकायचीयत, ती नाचायला लागली होती. आता तिचीही एक स्टेप आहे, टाचांवर फिरायची. टायवाले आज पुन्हा आले होते, कोट न्यायला. म्हणाले, "इथे रोज काही असतं का?"

१० मे, शनिवार

ड्रायरमधून गरमागरम स्वेटर काढला, चिमटीच्या डोक्यावरून सर्रकन ओढला – केस उभे! सगळे! आरशात बघून किंचाळली. मग दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होती, "तुमचे उभे करू?"

प्रत्येक गिऱ्हाइकाला. परक्या माणसांना. स्वतःहून!!

वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली आणि नुसती बघत राहिली.

१२ मे, सोमवार

काहीतरी बिघडलंय.

उजळणी घेतली. साबण? "तरंगेल." अगं, पाच वेळा बुडताना बघितलास ना! वाडगा? "बुडेल." भरलेली बाटली आधी की रिकामी? "रिकामी." ट्रॉली थांबली तर चिमटी कुठे पडेल? "मागे." सगळं उलटं. एकूण एक! आणि प्रत्येक वेळी मी नाचायचं, कायदाच तसा. नाचून नाचून पोटऱ्या भरल्या आणि डोक्यात भुंगा – हिला काहीच समजलं नाही? आठवडाभर मी नुसता गोंधळ घातला?

वहिनी घड्या घालता घालता म्हणाली, "लाल कुठला ते तरी येतं का हिला अजून?"

जेवण गेलं नाही.

१३ मे, मंगळवार

हाहाहाहा! लबाड! लबाड!! महालबाड!!!

दात घासताना ट्यूब पेटली. जिला काहीच येत नाही तिचं निदान अर्ध्या वेळा तरी चुकून बरोबर येईल! बुडेल की तरंगेल, दोनच तर उत्तरं. प्रत्येक वेळी न चुकता चुकायचं असेल तर बरोबर उत्तर माहीत पाहिजे. पक्कं माहीत पाहिजे!

तोंडात फेस तसाच, तिला अंथरुणातून उठवलं. "चिमटे, खरं सांग. साबण काय करतो?"

तिने एक डोळा उघडला. "बुडतो."

"मग काल तरंगेल का म्हणालीस?"

"तू छान नाचतेस."

मी तिथेच गादीवर लोळले. काय डोकं आहे! तिला सगळं येतं, वर मला कसं नाचवायचं तेही येतं. वहिनीला सांगायला धावले, पण खाली मशीनचा आवाज, तीन गिऱ्हाइकं, ती म्हणाली, "नंतर." नंतर राहिलंच. सांगीन. आणि आता लगेच कायदा कशाला बदलायचा? बोलतेय ना पोरगी! परवा तर भाजी विकणाऱ्या बाईला हट्ट समजावून सांगत होती.

१५ मे, गुरुवार

उद्या शाळा. चिमटीने स्वतःच फ्रॉक निवडला. वहिनीने त्याला दोनदा इस्त्री केली. मग तिसऱ्यांदा.

१६ मे, शुक्रवार

कसं लिहू.

वहिनीने अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं. मी कधी पाहिलं नव्हतं तिला कामाच्या दिवशी शटर ओढताना. तिघी गेलो. शाळेच्या मोठ्या मॅडम, पांढरे केस, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. आवाज कोरडा, पण वाईट नाही. टेबलावर रंगीत ठोकळे.

चिमटीने वहिनीची बाही धरली नाही! खुर्चीवर चढून बसली, पाय हलवत. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मॅडमनी लाल ठोकळा उचलला. "हा रंग कोणता?"

"निळा!" खणखणीत.

तेव्हाच कळलं मला.

"यातला मोठा कोणता?" सगळ्यात छोट्यावर बोट. "गाईला पाय किती?" "शंभर!" आणि प्रत्येक उत्तरानंतर मॅडमकडे बघायची, डोळे चमकतायत, ओठ दाबून धरलेत, आता होईल, आता होईल म्हणून. मॅडम कागदावर काहीतरी लिहायच्या. शेवटी चिमटी पुढे वाकून, समजुतीच्या सुरात म्हणाली, "अहो, आता नाचा ना!"

मॅडमनी चष्मा काढला. "यंदा राहू दे," वहिनीला म्हणाल्या. "वर्षभर घरी तयारी करून घ्या. पुढच्या वर्षी बघू."

मी "मॅडम, त्याचं काय आहे की –" म्हणेपर्यंत बाहेरची पुढची आई आत आली होती.

परत येताना चिमटी मध्ये उड्या मारत होती. "त्या बाईंना नाचता येत नाही वाटतं!" वहिनी भराभर पुढे चालत होती.

१७ मे, शनिवार

सकाळी वहिनीला सगळं सांगितलं. कायदा, नाच, मुद्दाम चुकणं, सगळं. मंगळवारीच कळलं होतं तेही.

ती शर्टाची कॉलर दाबत होती. इस्त्री टेकवली. "ती मुलगी आहे माझी. तुझी लॅब नाही."

बरोबर आहे. आजीचं नाव तिने काढलं नाही, पण विचारायची हिंमत कुणाला आहे? मला कळतं की. तिसरी शाळाही गेली, आता आजीच.

दुपारी चिमटीच्या खेळण्यांतला लाल ठोकळा घेतला आणि कायदा बदलून बघितला. "चिमटे, आजपासून बरोबर आलं की नाचायचं, बरं का! सांग, हा ठोकळा कुठल्या रंगाचा?"

तिने ठोकळ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. बाही तोंडात.

लाल आहे हे तिला माहीत आहे! पण आता चुकलं तर नाच नाही, म्हणजे चुकणं पुन्हा वाईट झालं. एका कायद्याने सगळं उलटं बोलते, दुसऱ्याने गप्प. असं कसं अडकवलं मी तिला?

१८ मे, रविवार

दादाचा फोन आला होता. वहिनी गॅलरीत जाऊन बोलली.

१९ मे, सोमवार

सापडलं! सापडलं सापडलं सापडलं!

सकाळी दुकानात हॉटेलच्या चादरींचा ढीग. मोठी मशीन पिळायला लागली आणि थाडथाड थाडथाड – अख्खी मशीन जागेवरून सरकायला लागली! वहिनीने बटण दाबून थांबवली, पुन्हा चालू केली, पुन्हा थाडथाड. वहिनीचे दोन्ही हात ओले, काउंटरवर माणूस उभा, आणि ती वैतागून म्हणाली, कुणाला असं नाही, नुसतंच – "काय झालंय हिला?"

चिमटी काचेच्या गोल दाराला नाक लावून बसली होती. म्हणाली, "सगळे एका बाजूला बसलेत. त्या मोठ्या कव्हरच्या पोटात."

वहिनीने दार उघडलं. रजईचं कव्हर! त्याचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि धुता धुता त्याने उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं आत गिळलेलं. ओल्या कपड्यांचा हा एवढा गोळा एकाच बाजूला. बाहेर काढलं, पसरून घातलं, बटण दाबलं. गुळगुळीत! घूं!

कुणी नाचलं नाही. चिमटीने नाच मागितलाही नाही! वहिनीने ओल्या हाताने तिच्या डोक्यावर टपली मारली, "बरं झालं बाई, सांगितलंस," आणि कामाला लागली. चिमटीची छाती अशी फुगली की फ्रॉकचं बटण तुटेल.

मी हातात अभ्रा घेऊन उभी. उजेड पडत होता हळूहळू. वहिनीला खरंच माहीत नव्हतं! खरंच हवं होतं उत्तर! मी विचारते, मॅडम विचारतात, तेव्हा आम्हाला उत्तर आधीच माहीत असतं. लाल ठोकळा हातात धरून कुणी रंग विचारतं का? पोरीला वाटतं, खेळ चाललाय. मग ती खेळते! पण खरं विचारलं की खरं सांगते.

अभ्रा हातात तसाच. पळत शाळेत.

मॅडम बाहेरच निघाल्या होत्या. "तुम्ही कोण त्या मुलीच्या?" आत्या. "ते नाचाचं तुम्ही शिकवलंत?" हो मॅडम. "हं." मग मी जे सुरू झाले – बादली, टब, सगळं उलटं सांगायला सगळं सुलटं माहीत पाहिजे, रजईचं कव्हर! श्वास संपला तेव्हा थांबले.

"सगळं चुकलं म्हणजे सगळं येतं, हे माझ्याही लक्षात आलं होतं," मॅडम म्हणाल्या. "पण माझ्याकडे वर्गात एक नाचणारी नाही, तीस मुलं आहेत. विचारल्यावर ती खरं सांगेल याची हमी काय?"

मॅडम, तुम्हाला खरंच माहीत नसलेलं काहीतरी विचारा तिला.

"मला माहीत नाही ते साडेपाच वर्षांच्या मुलीला विचारू? काय, माझे गुडघे का दुखतात?"

विचारा की!

त्यांना हसू आलं. दाबलं, पण आलं. "उद्या दहाला आणा. तुम्ही बाहेर थांबायचं. आणि हातातला तो अभ्रा घरी ठेवून या."

२० मे, मंगळवार

बाहेर थांबले. पण खोलीला काचेची खिडकी होती, अर्धी उघडी, आणि थांबायला ती जागा चांगली होती.

मॅडम टेबलाशी बसल्याच नाहीत. भिंतीजवळच्या लोखंडी कपाटापाशी गेल्या, दार बंद केलं, हात काढला. कर्रर्र – दार आपोआप उघडलं. पुन्हा बंद, पुन्हा कर्रर्र. "हे असं का करतं गं?" म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, मी खुर्ची लावून ठेवते."

चिमटीने वहिनीचा हात सोडला. दार स्वतः लावून बघितलं. दोनदा. खाली वाकून बिजागरीत डोळा घातला. माझी बोटं खिडकीच्या चौकटीत रुतलेली. बोल. बोल ना!

ती म्हणाली, "मला माहीत नाही."

मॅडम म्हणाल्या, "मलाही नाही."

मग चिमटी इकडेतिकडे बघायला लागली. फळ्याखालून एक गोल खडू घेतला. "मला उचला," म्हणाली. मॅडमना! आणि मॅडमनी – गुडघे दुखतात म्हणाल्या होत्या काल – उचललं तिला! तिने कपाटाच्या डोक्यावर खडू आडवा ठेवला. सोडला. खडू गडगडत पुढे आला आणि टप्पकन खाली पडून तुटला.

"कपाट पुढे वाकलंय," चिमटी वरूनच म्हणाली. "दाराला खाली जायचंय. ते हट्ट करतंय."

नाही, तो हट्ट नाही, ती ग्रॅव्हिटी, मी खिडकीबाहेर पुटपुटले. मग स्वतःलाच म्हटलं, गप्प बस गं!

पुठ्ठ्याची घडी केली दोघींनी. मॅडम कपाटाला खांदा लावून रेटतायत, वहिनी दुसऱ्या बाजूने, चिमटी पालथी पडून पुढच्या पायाखाली पुठ्ठा सारतेय. दार बंद केलं. हात काढला.

राहिलं!

तिघी त्या बंद दाराकडे बघत उभ्या. मग मॅडमनी सहज, कपाटावरची धूळ झटकता झटकता विचारलं, "या कपाटाचा रंग काय म्हणायचा गं? मला चष्म्याशिवाय कळत नाही."

"हिरवा. पण खाली गंजलाय, तिथे तपकिरी."

मॅडम म्हणाल्या, बाकीच्यांशी बोलून कळवते. जागा एकच उरलीये आणि दोन मुलं आहेत.

फाटकाबाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "गुडघ्यांचं विचारलं असतं तरी हिने काहीतरी लावलं असतं खाली." आणि हसली! शुक्रवारनंतर पहिल्यांदा!

२१ मे, बुधवार

फोन नाही. चिमटी गल्लीतल्या प्रत्येक दारावर खडू ठेवून बघतेय. आपलं घर उजवीकडे कललंय म्हणे.

२२ मे, गुरुवार

फोन नाही. मी वहिनीकडे बघते, ती घड्या घालते. विचारावंसं वाटतं, आजीकडे कधी, कुठल्या ट्रेनने. तोंडाशी येतं आणि गिळते. चिमटीसारखी बाही माझ्याही तोंडात आलीये जणू.

२३ मे, शुक्रवार

मिळाली!! फोन मीच घेतला. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत खाली, वहिनी, चिमटी इथेच राहणार!

वहिनी चादर झटकत होती. "राहणारच होती," म्हणाली.

आजीला तिने चिमटी येणार नाही म्हणून कळवून आठवडा झाला. त्या शुक्रवारीच, शाळेतून आल्या आल्या. शाळा मिळो न मिळो. "सगळं चुकीचं बोलली, पण बोलली ना गं! परक्या बाईसमोर, एवढ्या मोठ्याने. अशी पोर मी आता लांब पाठवीन होय?"

मग मला का नाही सांगितलंस? मी मेले ना इथे आठवडाभर!

"सांगितलं असतं तर तू पळाली असतीस शाळेत?"

आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली.